पाव वेढा कमी पडला

अण्णा गुळाचे व्यापारी. प्रयाग चिखलीचे, पण दिवसातला निम्मा वेळ शाहू मार्केट यार्डात. त्यांची गाडी २०१९ ची हॅचबॅक, पुढे दोन एअरबॅग, स्टिअरिंगवर गाण्यांची बटणं. जानेवारीत, सौदे जोरात चालू असताना, ते पहिल्यांदा माझ्याकडे आले. उद्यमनगरात माझं गाड्यांच्या इलेक्ट्रिकल कामाचं छोटं दुकान आहे. या प्रकरणात मी एकदा चुकलोय. ती चूकही मांडणार आहे, कारण पहिल्याच दिवशी अण्णांनी मला उत्तर सांगितलं होतं आणि मी ते हसण्यावारी नेलं होतं.

"मिस्त्री, मीटरमधी तांबडा माणूस बसलाय बघा, पोटावर चेंडू घिऊन. कधी जातोय, कधी पुन्यांदा येतोय."

एअरबॅगची खूण. चावी फिरवली की हा दिवा साधारण सहा सेकंद लागतो आणि विझतो. त्या वेळात एसआरएस मॉड्यूल, म्हणजे एअरबॅग सांभाळणारा छोटा संगणक, स्वतःची आणि सगळ्या वायरींची तपासणी करत असतं. दिवा विझला नाही, किंवा चालत्या गाडीत पुन्हा लागला, तर त्याचा अर्थ एकच: धडक झाली तर एअरबॅग उघडेल याची खात्री नाही. (चावी फिरवल्यावर दिवा लागलाच नाही तर तेही वाईट. जुनी गाडी घेताना हे सहा सेकंद डोळे उघडे ठेवून बघावेत. काही बहाद्दर दिव्याचीच वायर तोडून गाडी विकतात.)

कोल्हापुरात एअरबॅगचा दिवा म्हटलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: गाडी पुरात होती का? एसआरएस मॉड्यूल बहुतेक गाड्यांत गिअरच्या पुढे, मधल्या कन्सोलखाली, जमिनीलगत असतं. सीटखालची पिवळी कनेक्टरही तिथंच, चटईच्या पातळीला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या नंतर धुऊनपुसून चकाचक झाल्या, पण हिरवट चढलेल्या पिना दोन-तीन वर्षांनी बोलायला लागल्या. पंचगंगेच्या काठची, पुरात सापडणारी चिखली म्हटल्यावर तर शंका पक्कीच. पण अण्णा म्हणाले, राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांकडे, म्हणजे धोक्याच्या पातळीकडे, सरकायला लागलं की पहिली म्हस आणि मग गाडी सोनतळीला जाते, त्यात कधी चूक नाही. चटई उचलून पाहिली. खाली कोरडी ठणठणीत, गाळाचा कणही नाही.

स्कॅनर लावला. इथं एक सांगतो. ऑनलाइन मिळणारा काडेपेटीएवढा स्वस्तातला स्कॅनर इंजिनच्या बिघाडाचे कोड वाचतो, एअरबॅगचे बहुतेक वेळा वाचत नाही. "कोड नाही" असं त्यानं दाखवलं म्हणजे दोष नाही असं नव्हे, त्यानं त्या खोलीत डोकावलेलंच नसतं. माझ्या स्कॅनरवर दोन नोंदी आल्या, दोन्ही जुन्या, म्हणजे त्या क्षणी दोष हजर नव्हता. एक: ड्रायव्हर एअरबॅगच्या सर्किटचा रेझिस्टन्स (विजेच्या वाटेतला अडथळा) जास्त. दोन: पुरवठ्याचं व्होल्टेज कमी.

बॅटरी पाच वर्षांची. स्टार्टर मारताना मीटर लावला तर व्होल्टेज ८.९ पर्यंत घसरत होतं. चांगली बॅटरी त्या क्षणीसुद्धा साडेनऊच्या वर राहते. मी मनाशी सरळ हिशोब मांडला: व्होल्टेज पडतंय, मॉड्यूल गोंधळतंय, म्हणून दिवा. पहिला कोडही त्याच खात्यात टाकून दिला. बॅटरी बदलली, कोड पुसले, दिवा गेला.

पैसे देता देता अण्णा म्हणाले, "आनि त्ये गान्याचं बी बघा की. आवाज वाढवाय गेलं की गानंच बदलतंय. अभंग लावला की मधीच लावनी सुरू व्हती."

मी म्हणालो, "अण्णा, ते म्युझिकवाल्याकडं दाखवा." आणि हसलो. ते वाक्य मला अजून टोचतं.

नवव्या दिवशी गाडी परत. दिवा कायमचा लागलेला, आणि वर नवी तक्रार: यार्डाच्या फाटकातून डावीकडे वळताना हॉर्न वाजत नाही. सरळ असताना वाजतो.

हे ऐकल्यावर मी खुर्ची ओढून बसलोच. एअरबॅग, हॉर्न, गाण्यांची बटणं. तिन्हींचे फ्यूज वेगळे, मॉड्यूल वेगळी, काम वेगळं. एकत्र येतात ते एकाच ठिकाणी, स्टिअरिंगच्या पोटात. स्टिअरिंगचं चाक फिरतं, त्याला धरणारा कॉलम जागेवर असतो. फिरत्या चाकातल्या वायरी जागच्या वायरींना जोडायच्या तर साधी वायर चार दिवसांत पिळून तुटेल. म्हणून मध्ये एक चपटी गोल डबी असते, क्लॉक स्प्रिंग. कुणी स्पायरल केबल म्हणतं. आत प्लास्टिकची पातळ पट्टी गुंडाळलेली, कॅसेटच्या टेपसारखी, फक्त रुंद, आणि तिच्यावर तांब्याच्या बारीक रेघा शेजारी शेजारी. स्टिअरिंग एका बाजूला फिरवलं की पट्टी मधल्या तुंब्यावर आवळत जाते, दुसऱ्या बाजूला फिरवलं की सैल होत बाहेरच्या भिंतीला टेकते.

गाण्याचं कोडंही आता सुटलं. बटणांना प्रत्येकी वेगळी वायर नसते. एकाच वायरीवर प्रत्येक बटण वेगवेगळा रेझिस्टन्स लावतं, आणि त्या आकड्यावरून म्युझिक सिस्टीम ओळखते की कुठलं बटण दाबलं. वाटेतल्या रेघेला चीर पडून थोडा जास्तीचा रेझिस्टन्स आला की आकडा सरकतो. आवाजाच्या बटणाचा आकडा पुढच्या गाण्याच्या बटणासारखा दिसायला लागतो. अभंगाची लावणी तिथं होत होती. पहिल्याच दिवशी माणूस मला सांगत होता की स्टिअरिंगमधल्या वायरीचा रेझिस्टन्स वाढलाय, आणि स्कॅनरही नेमकं तेच सांगत होता. मी ऐकलं बॅटरीचं.

आता अंदाजावर काम करायचं नाही असं ठरवलं. आधी हॉर्न, कारण तो निरुपद्रवी. या गाडीत हॉर्नचं बटण फक्त रिलेला अर्थिंग देतं. स्टिअरिंगखालचं कव्हर काढून, क्लॉक स्प्रिंगच्या खालच्या बाजूला येणारी हॉर्नची वायर बॉडीला टेकवली. हॉर्न खणखणीत. म्हणजे रिले, फ्यूज, भोंगा सगळं ठीक, दोष त्याच्या वर. या गाडीचं मॉड्यूल एअरबॅगच्या सर्किटचा रेझिस्टन्स चालू आकड्यात दाखवतं (सगळ्यांत ही सोय नसते). चाकं सरळ असताना २ ओहमच्या आसपास. दुकानातल्या पोराला म्हटलं, स्टिअरिंग डावीकडे हळूहळू फिरव. अर्ध्या फेरीला आकडा ४-५ मध्ये नाचायला लागला, एक फेरी ओलांडली आणि सर्किट खुलं, म्हणजे वाटच तुटली.

तरीही ड्रायव्हरची एअरबॅग स्वतः खराब आहे की डबी, हे वेगळं काढायला हवं होतं. इथं पोरांना मी ओरडून सांगतो ते लिहितो. एअरबॅगच्या पिनांना मल्टिमीटर लावायचा नाही. कधीच नाही. आत हवा भरून ठेवलेली नसते, पेटणारं रसायन असतं. त्याला पेटवायला थोडासा करंट पुरतो, आणि रेझिस्टन्स मोजताना मीटर स्वतःचा करंट सोडतो. धडकेत ड्रायव्हरची बॅग साधारण ३० मिलिसेकंदांत फुगते, डोळ्याची पापणी लवायला त्याच्या तिप्पट वेळ लागतो. हात मागं घ्यायची संधीच नसते.

बॅटरीची निगेटिव्ह काढली. मॉड्यूलच्या आत कपॅसिटर असतात, बॅटरी तुटली तरी धडकेत बॅग उघडावी म्हणून ठेवलेले. ते रिकामे व्हायला वेळ द्यावा लागतो. कंपन्यांची पुस्तकं वेगवेगळे आकडे देतात, बरेचदा दीड ते तीन मिनिटं. मी दहा मिनिटं थांबतो. तेवढ्यात चहा होतो. एअरबॅगचं पॅड (स्टिअरिंगचा मधला भाग) काढण्याआधी गाडीच्या लोखंडाला हात लावून अंगातला स्टॅटिक चार्ज उतरवला. पॅड अंगापासून लांब, तोंड पलीकडे करून नेलं आणि बाकावर उताणं ठेवलं, कापडाची बाजू वर. उलटं ठेवलं आणि फुटलं तर आख्खं पॅड छताला जाईल. उताणं असेल तर फक्त बॅग वर उडेल. पिवळं कनेक्टर सोडताना आत एक छोटी पत्ती दोन्ही पिना आपोआप एकमेकींना जोडते, चुकून करंट शिरू नये म्हणून. ती पत्ती पेचकसानं खरवडणारे महाभाग मी पाहिलेत.

मग पॅडच्या जागी, डबीच्या वरच्या टोकाला, २ ओहमचा डमी रेझिस्टर, बॅगेची नक्कल करणारा छोटा तुकडा. बॅटरी जोडली, कोड पुसले, स्टिअरिंग डावीकडे. कोड परत. म्हणजे बॅग निर्दोष. पुन्हा बॅटरी काढली, पुन्हा दहा मिनिटं, आणि तोच रेझिस्टर आता डबीच्या खालच्या टोकाला, कॉलमच्या हार्नेसवर (वायरींच्या जुडग्यावर). बॅटरी जोडली, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना फिरवलं. दिवा सहा सेकंदांनी विझला तो विझलाच. दोष दोन जागांच्या मध्ये सापडला, आणि मध्ये फक्त डबी.

हा डमी रेझिस्टर माझ्या बाकावर तपासणीचं हत्यार आहे. पण हाच रेझिस्टर आत ठेवून, कव्हर लावून "दिवा घालवला" म्हणून पैसे घेणारेही आहेत. अण्णांना एकानं तीच ऑफर दिली होती, तीही दुचाकी दुरुस्तीपेक्षा कमी पैशात. मॉड्यूलला वाटतं बॅग जागेवर आहे. धडकेच्या वेळी रेझिस्टर गरम होईल, बाकी काही नाही. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. ती सक्ती पाच-दहा रुपयांच्या रेझिस्टरनं गुंडाळून ठेवता येते, म्हणून हा दिवा गेला की कसा गेला हे विचारावं.

स्टिअरिंग काढताना चाक आणि शाफ्टवर पांढरी खूण केली. मधला नट पूर्ण काढला नाही, दोन आटे ठेवून चाक हलवलं, नाहीतर ते सुटून तोंडावर येतं. डबी निघाली. ती नवी टाकून गाडी द्यायला अर्धा तास पुरला असता. पण सहा वर्षांची, फारशी न पळालेली गाडी, एवढ्यात डबी का जावी? मी ती खोलली.

पट्टी झिजलेली नव्हती. मधल्या तुंब्यापाशी, जिथं ती खोबणीत पकडलेली असते, तिथं वरच्या कडेनं निम्म्या रुंदीपर्यंत फाटली होती. कडेजवळच्या रेघा तुटलेल्या, त्यातच एअरबॅगची जोडी. त्यांच्याखाली बटणांची रेघ अर्धवट, तिच्याखाली हॉर्नची, जरा ओढ बसली की सुटणारी. फाटलेल्या जागी प्लास्टिक ताणून पांढरं पडलेलं. जुनी होऊन मोडलेली पट्टी घडीवर तडकते, दुमडून खराब झालेली चुरगळते. ही ओढून फाटली होती. कुणीतरी तिला तिच्या लांबीपेक्षा जास्त खेचलं होतं.

पट्टी निम्मी शाबूत असल्यामुळं एक गोष्ट मोजता आली. चाकं सरळ असताना डबी काढली होती, त्या जागेपासून हातानं अलगद फिरवून पाहिली. उजवीकडे साडेतीन फेऱ्या. डावीकडे दीड, आणि घट्ट.

एकूण पाच. बरोबर आहे, अशा डब्यांना साधारण तेवढीच सोय असते. पण ती दोन्हीकडे अडीच-अडीच हवी. गाडीचं स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेतीन फेऱ्या, म्हणजे सरळपासून प्रत्येक बाजूला पावणेदोन. अडीचमध्ये पावणेदोन आरामात बसतात. दीडमध्ये बसत नाहीत. पाव वेढा कमी.

आणि फरक नेमका एका फेरीचा. तिथं मला प्रश्न सुचला.

"अण्णा, एवढ्यात स्टिअरिंग कुणी उघडलं होतं का?"

"स्टिअरिंग न्हाई उघडलं. खालचं रॅक तेवढं काढल्यालं दिवाळीच्या आदी. खडखड आवाज येत हुता."

स्टिअरिंग किती फिरायचं ते रॅक, म्हणजे खाली पुढची चाकं वळवणारा दांडा, ठरवतो. चाक ज्या टोकाला अडतं ते टोक रॅकचं असतं, स्टिअरिंगचं नव्हे. रॅकचं कपलिंग (स्टिअरिंगच्या शाफ्टशी असलेला जोड) सोडलं की वरचं चाक मोकळं, त्याला लगाम नाही. चावी काढून लॉक केलं असतं किंवा सीट बेल्टनं चाक बांधून ठेवलं असतं तरी भागलं असतं. बहुधा कुणीतरी गाडीत बसलं, चावी लावली, हात ठेवायला चाक धरलं आणि ते एक फेरी डावीकडे गेलं. मग कपलिंग जोडलं. या जोडाला एक बाजू सपाट असते, त्यामुळं तो थोडासा वाकडा बसूच शकत नाही. पण पूर्ण एक फेरी चुकली तर छान बसतो. स्टिअरिंग सरळ दिसतं, गाडी सरळ पळते, दिवा नाही, आवाज नाही. स्टिअरिंग किती फिरलं ते मोजणारा अँगल सेन्सर असलेल्या गाडीत रॅकच्या कामानंतर कॅलिब्रेशन करावं लागतं, तेव्हा तरी कुणाच्या डोक्यात उजेड पडला असता. ह्या गाडीत तो सेन्सरच नाही.

मग डबी दोन महिने टिकली कशी? हायवेला कुणी शेवटपर्यंत स्टिअरिंग फिरवत नाही. चिखली ते कोल्हापूर रस्त्यालाही ती वेळ येत नाही. मी विचारलं, पूर्ण डावं टोक कुठं लागतं? अण्णांनी क्षणभर विचार केला. यार्डात. सौद्याच्या दिवशी गुळाच्या ट्रका दोन्ही बाजूंना लागलेल्या असतात, गाळ्यापुढून गाडी काढायची तर मागे-पुढे चार वेळा, आणि चारही वेळा डावीकडे चाक टोकापर्यंत. "एकदा टक् करून आवाज आल्ता," ते म्हणाले. "मला वाटलं गुळाचा रवाच चाकाखाली आला." (रवा म्हणजे गुळाची ढेप.) त्या दिवशी पहिली चीर पडली असणार. पुढं प्रत्येक सौद्याला ती थोडी थोडी वाढत गेली. कडेची एअरबॅग आधी, मग बटणं, शेवटी हॉर्न. तक्रारींचा क्रमही हाच होता. बॅटरी त्यात कुठंच नव्हती. व्होल्टेजचा कोड खरा होता, पण तो स्वतंत्र आजार होता.

तो रॅक बसवणारं गॅरेज कोणतं ते मला कळलं. मिस्त्री ओळखीचा, काम स्वच्छ करणारा. नाव लिहीत नाही. फोनवर तो आधी गप्प राहिला, मग म्हणाला, "बेल्टनं बांध म्हणून पोराला सांगितलेलं हुतं रे." माझ्याकडंही दोन पोरं आहेत, त्यामुळं मी पुढं काही बोललो नाही.

जुन्या बाजारातून काढलेली डबी निम्म्या किमतीत मिळते, अण्णांनी ते विचारलंच. मी नाही म्हटलं. वापरलेल्या डबीची मधली जागा कुठं आहे ते मोजूनच काढावं लागतं, आणि आतली पट्टी किती ओढली गेली ते दिसत नाही. नवी दोन दिवसांत आली, मधोमध धरून ठेवणारी पिन लावलेली. ती पिन डबी कॉलमवर बसेपर्यंत काढायची नसते. पोरगं ती काढून "फिरते का बघतो" म्हणत होतं, त्याचा हात वेळेवर धरला. बसवण्याआधी पुढची चाकं सरळ आहेत ना ते खाली वाकून पाहिलं. नुसतं स्टिअरिंग सरळ दिसतंय यावर विसंबायचं नव्हतं, त्यावर विसंबूनच हे सगळं झालं होतं. रॅक डाव्या टोकाला नेला, उजव्या टोकाला नेला, फेऱ्या मोजल्या, साडेतीन. बरोबर मध्यावर आणला आणि मग डबी बसवली. कॉलम एक फेरी चुकलेला राहिला तरी आता बिघडत नाही, डबीचा मध्य रॅकच्या मध्याशी जुळला की झालं.

चाक खुणेवर, नट पुस्तकातल्या टॉर्कवर, बॅटरी जोडताना गाडीत कुणी बसलेलं नाही. बाहेरून हात घालून चावी फिरवली. सहा सेकंद. विझला. मग मी स्टिअरिंग पाव पाव फेरी करत डाव्या टोकापर्यंत नेलं, प्रत्येक थांब्यावर हॉर्न दाबला, तसाच उजव्या टोकापर्यंत. शेजारच्या फौंड्रीतून माणूस बघायला आला, काय भांडण चाललंय म्हणून.

बिलातून पहिल्या दिवसाची स्कॅनिंगची मजुरी मी वजा केली. बॅटरीचे पैसे ठेवले, ती खरोखर गेली होती.

अण्णा गाडीत बसले. अभंग लावला, बोट आवाजाच्या बटणावर नेलं आणि माझ्याकडं बघत दाबलं. अभंगच मोठा झाला. पुन्हा दाबलं. आणखी मोठा.

"आनि आता लावनी ऐकायची म्हटलं तर?"

"त्याला शेजारचं बटण हाय, अण्णा."